सत्यवानाचो हात

"हात खंय आसा?"

"बर्फात. बांगड्यांच्या टपात."

"कोनी घातलो?"

"मीया. दुसरो कोन घालतलो? सगळे तेका धरून ऱ्हवलले. हात बोटीरच्या विंचीच्या बुडाक पडललो, बोटां अजून हलत होती. धुतलंय, पिशयेत घातलंय आनी बर्फात ठेवलंय. जड लागता रे सुदेश. आंगाक आसता तेवा कळना नाय. सुटो झालो काय हात जड लागता."

"कोनाचो ता सांग मगे."

सर्वेश ट्रॉलरवरून थेट इथे आला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे त्यानं बघितलं. त्याच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत रक्त वाळलं होतं. सुदेशची नजर त्यावर गेली ती कसबी माणसाची. हे उडालेलं रक्त नव्हतं, माणूस उराशी धरल्यावर लागतं तसं चोळलेलं होतं.

सुदेशच्या डाव्या हातात कोंबडी होती, पंखांत पंख अडकवून धरलेली. उजव्या हातात सुरा.

"सत्यवानाचो," सर्वेश म्हणाला. "उजवो. मनगटापासून."

सुदेशनं सुरा ठोकळ्यावर ठेवला. कोंबडीचे पंख सोडवले आणि तिला परत पिंजऱ्यात सोडलं. अकरा वर्षांत त्या दुकानात सुऱ्याखालून पिंजऱ्यात परत गेलेली ती पहिली कोंबडी. गिऱ्हाईक म्हणालं, "काय रे, माका व्हयी होती ती." सुदेशला ते ऐकू गेलं नाही. तो सर्वेशकडे बघत होता आणि सर्वेश त्याच्याकडे, आणि दोघांच्याही डोक्यात एकच दिवस होता. बारा दिवसांपूर्वीचा सोमवार.

मालवणहून तारकर्लीकडे निघालात की डाव्या हाताला, माडांच्या खाली, सुदेशचं चिकनचं दुकान लागतं. पत्र्याची शेड, पुढे पिंजरा, मधे चिंचेचा ठोकळा आणि कोपऱ्यात निळं पिंप. मान कापलेली कोंबडी पिंपात टाकायची, झाकण लावायचं आणि आतली धडपड थांबेपर्यंत गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे, हा धंदा. रोज तीस-पस्तीस बॉयलर, रविवारी शंभराच्या पुढे. मारण्याचं त्याला कौतुक नव्हतं आणि किळसही नव्हती. सुरा मात्र तो असा लावून ठेवायचा की कोंबडीला कळायच्या आत तिचं काम झालेलं असे. "हळू मारूचो तो पापी," एवढंच त्याचं मत.

पण गावात त्याची ओळख सुऱ्यावरून नव्हती. तो धोंडूचा मुलगा होता. धोंडूनं चाळीस वर्षं गावासाठी गाऱ्हाणं घातलं. नवी होडी पाण्यात लोटायची असो, कुणाचा मुलगा बोटीवर जायचा असो, देवळाची जत्रा असो, धोंडू नारळ हातात धरून उभा राहायचा आणि "बा देवा म्हाराजा" म्हणायचा, की बोलत असलेली माणसं गप्प व्हायची. आवाज असा, की विहिरीच्या तळातून यावा. त्याच्या दर वाक्यामागे सगळा जमाव "व्हय म्हाराजा" म्हणे. धोंडू गेला, गाऱ्हाण्याचा मान चुलत्यांकडे गेला. सुदेशकडे फक्त आवाज आला. अगदी तोच.

आणि एक ताकीद आली. धोंडू सांगायचा, "गाऱ्हान्यात कोनाचा वायट मागू नको. मागलंसच तर नाव घेव नको. देवाक थट्टा कळना नाय. आयकलेला तो खराच धरता."

सुदेशला ही ताकीद पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीच माणूस विसरतो.

आता एक जपानचं प्रकरण. तारकर्लीला सुदेशच्या मित्राचा, ओंकारचा, पर्यटकांसाठी न्याहरी निवास आहे. तीन खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या भिंतीला भला मोठा टीव्ही. दोन वर्षांपूर्वी पुण्याचा एक कॉलेजचा पोरगा उशीखाली पेनड्राइव्ह विसरून गेला. ओंकारनं फोन केला तर तो म्हणाला, राहू दे, बघा तुम्हीच. आत सगळ्या जपानी ॲनिमे मालिका. सर्वेश सत्यवानाच्या ट्रॉलरवर खलाशी होता, तो त्या दिवशी ओंकारकडे जेवायला आलेला. "पोरांची चित्रां ही," असं म्हणत त्यानं पहिली लावली. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एक माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत उभा चिरला गेला आणि त्याचे दोन भाग दोन बाजूंना पडले.

"मेल्या," सर्वेश म्हणाला, "ही पोरांची न्हय."

सोमवारी कोणी कोंबडी खात नाही, त्यामुळे सुदेशचं दुकान बंद. ट्रॉलर सोमवारी दुपारपर्यंत धक्क्याला लागायचा. मग सोमवारी दुपारी जेवणं आटपली की सुदेश, सर्वेश आणि ओंकार पडवीत बसू लागले. ओंकारची बहीण संचिता खालची इंग्रजी अक्षरं वाचून मालवणीत सांगायची. हळूहळू तीच पात्रांचे आवाज काढू लागली. जपानी राजा तिच्या तोंडून "काय रे रांडेच्या, माझ्या राज्यात इलंस?" असं विचारायचा.

परीक्षण सुरू झालं ते भांडणातून. एका मालिकेत गळा चिरलेला योद्धा आपल्या आईची आठवण सांगत होता. सांगता सांगता अर्धा भाग संपला. सुदेश तापला.

"नरडा कापल्यार शब्द खंयसून येतलो? वारो कापलेल्या जाग्यारसून भायर जाता, तोंडात येना नाय. मी रोज बघतंय."

"तुझी कोंबडी आवशीची आठवन सांगना नाय म्हनान," सर्वेश म्हणाला.

"तुझी आवस सांगता ती पुरे."

संचितानं हे गुपचूप मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर चढवलं. चार दिवसांत अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं. मुंबईतल्या चाकरमान्यांनी बघितलं, दुबईतल्यांनी बघितलं. मग दर सोमवारी परीक्षण होऊ लागलं. गुण बांगड्यांत द्यायचे. उत्तम असेल तर पाच बांगडे, टाकाऊ असेल तर कुजका एक.

बघायचे मात्र सरमिसळ. एका फुटबॉलच्या मालिकेत चेंडू पायातून सुटून गोलात जायला दोन भाग लागले. सर्वेश म्हणाला, "चेंडू पोचासर भरती येवन गेली." दोन बांगडे. एकीत भिंतीपेक्षा उंच राक्षस माणसं खात होते, आणि खाताना हाडं मोडल्याचा आवाज बरोबर होता म्हणून सुदेशनं तिला चार दिले. एकीत शाळेतली एक आजारी मुलगी पियानो वाजवते आणि शेवटी मरते. त्यात एक थेंब रक्त नाही. ती बघून ओंकार माडाकडे तोंड करून उभा राहिला. "डोळ्यात काय तरी गेला," म्हणाला. "पियानो गेलो," संचिता म्हणाली. आणि एक स्वयंपाकाची होती. त्यात एक म्हातारा आचारी मासा कापतो. सुदेशनं तो तुकडा तीनदा मागे घेऊन बघितला. माशाचं पित्त कुठे असतं आणि ते न फोडता सुरी कशी वळवायची, हे चित्र काढणाऱ्याला माहीत होतं. "हो मानूस बाजारात बसललो आसा," सुदेश म्हणाला आणि पाच बांगडे दिले. पाच मिळालेली ती एकच.

दर परीक्षणाच्या आधी सुदेश गाऱ्हाणं घालायचा. हातात नारळाऐवजी टीव्हीचा रिमोट. धोंडूच्या आवाजात तो जपानच्या तलवारवाल्यांसाठी, राक्षसांसाठी, शाळेच्या पोरींसाठी देवाला साकडं घालायचा आणि मागचे तिघं "व्हय म्हाराजा" म्हणायचे. लोक त्यासाठीच बघायचे. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी नापसंती सांगितली. बाकीचे हसले.

मग मार्च महिना आला. सत्यवानाचा ट्रॉलर, ज्याला परवानगी खोल पाण्याची, तो पहाटे किनाऱ्याजवळ आला आणि ओंकारच्या बापाचं जाळं ओढून फाडून घेऊन गेला. हे नवीन नव्हतं. किनाऱ्यावर दर वर्षी कुणाचं तरी जातं. ओंकार जाब विचारायला धक्क्यावर गेला. सत्यवान ट्रॉलरवरच उभा होता. त्यानं नुसती मानेनं खूण केली. त्याचा धाकटा भाऊ विनीत खाली उतरला आणि ओल्या दोरखंडाच्या टोकाचा पीळ ओंकारच्या तोंडावर हाणला. एकदाच. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी फाटली. धक्क्यावर शंभर माणसं होती. सर्वेशही त्याच ट्रॉलरवर होता आणि तो खाली उतरला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी चौघं पडवीत बसले. ओंकारच्या गालावर टाके. सर्वेश खाली बघत बसलेला. लावलेल्या मालिकेत एका तलवारबाजाचा उजवा हात मनगटापासून उडतो, हवेत गिरक्या घेतो आणि तलवार मुठीत घट्ट धरूनच जमिनीत रुततो. सुदेशनं ते बघितलं आणि रिमोट उचलला.

"बा देवा म्हाराजा, आज सोमवारच्या दिसाक ही चार लेकरां तुझ्या पायाकडे बसली आसत."

"व्हय म्हाराजा."

"जपानातसून हो जो तलवारवालो हात हरवन इलो आसा, तेका तेचो हात गावांदे."

"व्हय म्हाराजा."

"आनी जेना आमच्या ओंकाराच्या बापाशीचा जाळा फाडल्यान, ओंकाराच्या तोंडार दोर मारूक लावल्यान, त्या सत्यवानाचो उजवो हात अस्सोच, मनगटापासून, तुझ्या दर्यात पडांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिघांचा आवाज आला. सर्वेशचा अर्ध्या श्वासानं उशिरा आला, पण आला.

रात्री चढवायच्या आधी संचितानं फोन करून विचारलं होतं, "सुदेशदादा, नाव काढून टाकू काय?"

"ऱ्हवांदे," सुदेश म्हणाला होता.

आणि आता दुकानात सर्वेश सांगत होता. पहाटे जाळं ओढताना दोराला गाठ बसली, सत्यवान ती सोडवायला वाकला, जाळं ओढायची विंच सुटली. दोराचा फास मनगटाला बसला आणि विंचीनं एक वेढा ओढून घेतला. "बोंबललो नाय रे. तोंड उघडला, पन आवाजच येवक नाय."

त्याला, बर्फातल्या हातासकट, गोव्याच्या इस्पितळात नेलं. हात परत जोडता आला नाही, हाडांचा भुगा झाला होता. चौथ्या दिवशी ताप चढला. कापलेल्या जागेपासून काळपट सूज कोपराकडे सरकू लागली. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर खांद्यापासून काढावा लागेल, आणि तेवढ्यानं भागेल असंही सांगता येत नाही. विनीत इस्पितळाच्या बाहेर बाकावर बसला होता. शेजारी बसलेल्या कुडाळच्या माणसानं त्याला मोबाइलवर सहज ते परीक्षण दाखवलं. "हे तुमच्या तारकर्लीचे ना? लय हसवतत."

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता विनीत सुदेशच्या दुकानात आला. बरोबर दोन खलाशी. एकाच्या हातात मोडलेलं वल्हं.

बोलाचाल झालीच नाही. वल्हं पहिल्यांदा बरगड्यांत बसलं. सुदेश पिंजऱ्यावर आपटला, पिंजरा आडवा झाला आणि वीस कोंबड्या रस्त्यावर पळाल्या. सुदेशच्या हातात सुरा होता. हाताला त्याची सवय होती, डोक्याला विचारायची गरज नव्हती. विनीत अंगावर आला तसा सुरा खालून वर गेला आणि विनीतचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला.

त्या क्षणी सुदेशनं जे बघितलं ते त्याच्या मनातून कधीच गेलं नाही. फवारा उडाला नाही. रक्त आलंसुद्धा नाही. आधी एक पांढरी फट दिसली, स्वच्छ, माशाच्या पोटासारखी. मग तिच्यात बारीक थेंब उभे राहिले. मग ओघळ लागला. विनीतही ते बघत राहिला. दोघं एका श्वासापुरते ते बघत उभे होते.

मग वल्हं जबड्यावर बसलं. तोंडात काहीतरी तुटलं, दोन दात जिभेवर आले. सुरा पडला. एकानं केस धरून त्याचं डोकं निळ्या पिंपात घातलं. आत नुकतीच मारलेली एक कोंबडी अजून झाडत होती. तिचे पंख त्याच्या तोंडावर, डोळ्यांवर बसत राहिले आणि त्याच्या नाकात तिचं आणि त्याचं रक्त एकत्र गेलं. पोटात लाथा बसत होत्या. त्या त्यानं मोजल्या नाहीत. बाहेर ओढलं तेव्हा त्याला एका डोळ्यानं दिसत होतं.

दोघांनी त्याला ठोकळ्यावर दाबून धरलं. विनीतनं त्याचा उजवा हात ओढला, चिंचेच्या लाकडावर उताणा ठेवला आणि सुरा उचलला. स्वतःच्या हातातलं रक्त मुठीवरून सुऱ्यावर गळत होतं.

"मनगटापासून म्हनलंस मां? खंयसून? हंयसून? की वायच वर?"

सुदेशला माहीत होतं की हा सुरा एका घावात हाड तोडत नाही, सांधा शोधावा लागतो. विनीतला सांधा सापडायचा नाही. तीन-चार घाव लागतील. त्यानं मूठ वळली नाही.

"इनित्या. सुरो खाली ठेव."

रस्त्यावर रिक्षा उभी होती. तिच्यातून विनीतची आई उतरली होती. मथुरा सत्तरीची, काटकुळी. पन्नास वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले होते. ती ओरडली नाही. पाटी खाली ठेवताना बोलावं तशी बोलली.

"आये, तू मधी पडू नको. हेना दादाचो हात घेतल्यान."

"तो घेतल्यान. आता हेचो तोडलंस काय तुझ्या भावाचो फुटतलो? थंय तेचो खांदो काळो पडत चललो आसा. बोल हेना घातललो. काढतलो कोन? तू? मेलो हो, तर कोनाच्या तोंडान काढतलंस?"

विनीत सुरा धरून उभा राहिला.

"बोल जंय घातलो थंयच काढूक व्हयो," मथुरा म्हणाली. "जे होते ते सगळे व्हये. चल रे धोंडूच्या झिला. उठ."

सुदेशला रिक्षात घातलं. विनीतनं हाताला लुंगी गुंडाळली आणि तो त्याच रिक्षात समोर बसला. दोघांच्या गुडघ्याला गुडघे लागत होते. साडेतीन किलोमीटर कोणी बोललं नाही.

पडवीत ओंकार आणि संचिता होते. ओंकारनं सुदेशचं तोंड बघितलं आणि दाराआडची काठी उचलली. मथुरेनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "नंतर," म्हणाली. सर्वेशला फोन करून बोलावलं. तो आला तो दारातच थांबला, विनीतच्या नजरेला नजर न देता.

"आता त्या दिसाक होता ता सगळा तसाच करा," मथुरा म्हणाली. "कोन खंय बसललो थंय बसा."

"काकी, तो सोमवार होतो. आज बुधवार आसा," ओंकार म्हणाला.

"माझो झील सोमवारापर्यात ऱ्हवात तर सोमवारी करू. ता पन लावा. टीवी."

"ता कित्याक?"

"तेच्यासमोर घातललो मां बोल? लाव."

संचितानं तोच भाग लावला. पडवीत सुदेश रक्त गिळत बसला होता, भिंतीला विनीत आणि त्याचे दोन खलाशी, मधे मथुरा मांडी घालून. पडद्यावर तलवार फिरली. हात उडाला. रक्ताचं कारंजं चंद्रापर्यंत गेलं. मथुरेनं पापणी हलवली नाही.

"ह्या बघून तुमी हसतास?"

"व्हय," संचिता म्हणाली.

"बरा." ती सुदेशकडे वळली. "आता सांग. थट्टेन बोललंस, की मनातना?"

हा प्रश्न येणार हे सुदेशला ठोकळ्यावर असल्यापासून माहीत होतं. धोंडू असले बोल काढायचा तेव्हा हेच आधी विचारायचा. थट्टेत बोललेलं देवापुढे ठेवलंच गेलेलं नसतं, मग ते उचलायचं कुठून? उचलायला बोल आधी ठेवलेला असावा लागतो. ठेवणाऱ्यानं तसं कबूल करावं लागतं.

"थट्टेन होता, काकी," ओंकार घाईनं म्हणाला. "आमी असाच बोलतंव. सगळ्यांक ठावक आसा."

"मी तुका विचारूक नाय."

सुदेशनं विनीतकडे बघितलं. थट्टा म्हणालो तर इथून चालत जाईन, त्याला कळत होतं. आणि ते खोटंही नव्हतं. हातात रिमोट होता, समोर चित्रं होती, सगळे हसत होते. पण संचितानं विचारलं होतं, नाव काढू का. त्या वेळी हातात रिमोट नव्हता, समोर चित्रं नव्हती. ओंकारचे टाके डोळ्यांसमोर होते आणि तो "ऱ्हवांदे" म्हणाला होता. आणि सर्वेशनं दुकानात येऊन हाताचं सांगितलं तेव्हा भीतीच्या आधी, डोळा लवण्याच्याही आधी, पोटात काहीतरी गोड वाटून गेलं होतं. तेही त्याला माहीत होतं.

"मनातना," तो म्हणाला.

विनीत भिंतीपासून सुटला. त्याची लाथ सुदेशच्या छातीत बसली, सुदेश मागे टीव्हीवर आदळला, टीव्ही भिंतीवरून निसटला आणि त्याची काच त्याच्या पाठीखाली फुटली. ओंकारनं विनीतच्या कमरेला मिठी घातली, खलाशांनी ओंकारला धरलं, आणि सर्वेश, जो त्या दिवशी धक्क्यावर उतरला नव्हता, त्यानं एका खलाशाच्या नाकावर डोकं हाणलं. नाक मोडल्याचा आवाज अगदी बरोबर आला.

मथुरा उठली आणि तिनं विनीतच्या थोबाडीत मारली. एकदा. पन्नास वर्षं पाटी उचललेला हात होता तो.

"खरा बोललो तो," ती म्हणाली. "आता बोल निघतलो. बस खाली."

विनीत बसला.

मथुरेनं पदराखालून नारळ काढून सुदेशच्या हातात दिला. सुदेश भिंतीला धरून उभा राहिला. पाठीत काच रुतली होती. जबडा एका बाजूला लोंबत होता. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज आला. शब्द तुटके होते, म्हाराजातला रा सुटत होता, ओठांतून लाळ आणि रक्त गळत होतं, पण आवाज धोंडूचा होता.

"बा देवा म्हाराजा. मी धोंडूचो झील. ह्या जाग्यार मी एक बोल बोललंय. थट्टेच्या तोंडान, पन मनातना."

"व्हय म्हाराजा." संचिता, ओंकार, सर्वेश. मथुरा.

"जाळा फाडल्यान ह्या खरा आसा. ओंकाराचा तोंड फाडल्यानी ह्या खरा आसा. तेचो न्याय तू तुझ्या परीन कर. पन तेच्यात हात नको, म्हाराजा. हात मी मागललंय, तो माझो बोल, तो मी परत घेतंय."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या पोटात राग अजून आसा. नाय म्हनना नाय. तो माका ठेव. तेका नको."

या वेळी मागून आवाज आला नाही. सगळे विनीतकडे बघत होते. मथुरेनं त्याच्याकडे बघितलं नाही, ती नारळाकडे बघत होती. विनीतनं लुंगीतला हात छातीशी धरला. गालावर आईची बोटं उठली होती.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता.

सुदेशनं नारळ उंबऱ्यावर फोडला आणि त्याच्याबरोबर खाली पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यवानाचा ताप उतरला. सूज कोपराच्या खाली थांबली. सर्वेशच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरांनी बुधवारीच दुपारी इंजेक्शन बदललं होतं, त्याचा गुण. मथुरेला तसं कोणी म्हणायला गेलं नाही. सुदेशला विचारावं तर त्याचा जबडा तारेनं बांधला होता, सहा आठवडे. पोलिसांत कोणी गेलं नाही. विनीतच्या हाताला एकवीस टाके, खलाशाचं नाक, सुदेशचे दात आणि दोन बरगड्या, ज्याचं त्यानं आपापल्या घरी निस्तरलं. सर्वेश ट्रॉलरवर परत गेला नाही. जाळं अजून भरून मिळालेलं नाही.

संचितानं ते परीक्षण काढून टाकलं. ओंकारनं नवा टीव्ही आणेपर्यंत चौघं मोबाइलवर बघत. सुदेशला बोलता येत नव्हतं, तो बोटांनी बांगडे दाखवायचा. एका मालिकेत रक्ताचं कारंजं उडालं तेव्हा त्यानं एकही बोट वर केलं नाही, नुसता हात फिरवून बंद करा अशी खूण केली. गाऱ्हाणं आता नसतं. लोक विचारतात, का बंद केलं. संचिता सांगते, म्हाराजांची सुट्टी.

गणपती होऊन गेल्यावर एका मंगळवारी दुकानापुढे स्कूटर थांबली. सत्यवानाची बायको चालवत होती, मागे सत्यवान. उजव्या हाताच्या टोकाला पांढऱ्या सुती कापडाची पिशवी, बायकोनं शिवलेली असावी. तो उतरला आणि पिंजऱ्यासमोर येऊन उभा राहिला. सुदेशनं सुरा ठोकळ्यावर आडवा ठेवला.

सत्यवाननं कोंबड्या एकेक करून बघितल्या.

"ती तांबडी दी," सत्यवान म्हणाला. "मोठी नको."

सुदेशनं तांबडी काढली, पंखांत पंख अडकवले.

"मी इस्पितळात बघलंय," सत्यवान म्हणाला. "तुमची ती चित्रां. आडवो पडान काय करतलो? बरेच भाग बघलंय. पन तो तलवारवालो... तेचो हात मगे चिकाटलो काय रे? मोबाइल बंद पडलो माझो."

"चिकाटलो," सुदेश म्हणाला. त्याचा जबडा अजून उजवीकडे ओढत होता. "सातव्या भागात. कोन एक म्हातारी येता आनी शिवता."

"तलवार धरता?"

"धरता."

"खोटा."

"खोटाच. दोन बांगडे दिलंव."

सत्यवाननं मान हलवली. दोन जास्तच झाले, असं त्या हलण्यात होतं. बायकोनं त्याच्या खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले.

"कापून दी," सत्यवान म्हणाला. "बारीक. माका आता मोठे तुकडे फोडूक जमनत नाय."

सुदेशनं सुरा उचलला. मान कापली, कोंबडी पिंपात टाकली, झाकण लावलं. आतली धडपड चालू असताना एरवी तो गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचा. आज बोलला नाही. आवाज थांबला तसं झाकण काढलं, तांबडी बाहेर घेतली आणि ठोकळ्यावर ठेवून सांधे शोधून शोधून तिचे बारीक तुकडे करू लागला.